घोट्यावरची खूण

मिठाइतकं लाडावलेलं पीक दुसरं नसेल. त्याला फक्त ऊन हवं. ढग आला की रुसतं, आणि चार थेंब पडले की सहा महिन्यांची मेहनत डोळ्यांदेखत पाणी होऊन जाते. त्या वर्षी हंगाम संपायला दोन आठवडे उरले असताना खाडीच्या बाजूनं ढग डोकं वर काढायला लागले, आणि मिठागरावर जो तो आभाळाकडे बघत काम उरकायला लागला.

बांधाच्या टोकाला जे पत्र्याचं घर आहे, त्या घरच्या वाट्याला बारा वाफे होते. बाप लांब दांड्याची फळी घेऊन वाफ्यातलं मीठ ओढायचा, आई ते टोपल्यात भरून डोक्यावरून राशीला न्यायची, आणि शाळा नसेल तेव्हा थोरली लेक तिच्या मागोमाग छोटी टोपली घेऊन पळायची. थोरलीला सगळे मुंगी म्हणायचे. अकरा वर्षांची, काळीभोर, काटकुळी, आणि एकदा कामाला जुंपली की थांबणं माहीत नाही. धाकटी चार वर्षांची. ती राशीच्या सावलीत आजीपाशी बसायची, कारण तिला उन्हात सोडायचं नाही असा आजीचा हुकूम होता.

"माझा रंग घेतलाय हिनं," आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "थोरली गेली आईवर. आता काय करणार? मिठात राहूनही पोरीला पांढरेपणा चिकटला नाही."

लोक हसायचे. आईसुद्धा हसायची. अकरा वर्षं ती ह्याच विनोदाला हसत आली होती, आणि अकरा वर्षं तिच्या काळजाला तो बारीक काट्यासारखा टोचत होता. पण मुंगी हसायची नाही. ती एकदा आईकडे बघायची, टोपली उचलायची आणि चालायला लागायची.

अशात एक दिवस शाळेचे मास्तर सायकल बांधाला टेकवून राशीपर्यंत चालत आले. मास्तर कधी मिठात पाय घालत नसत, बूट खराब होतात म्हणून. तेव्हा काहीतरी विशेष असणार हे आईनं ओळखलं.

"निवासी शाळेची परीक्षा आहे," मास्तर म्हणाले. "जिल्ह्याला चाळीसच जागा. लागली तर राहणं, खाणं, पुस्तकं, सगळं सरकारचं. बारावीपर्यंत बघायला नको. माझ्या वर्गातून एकच पोर बसवण्यासारखी आहे, आणि ती ही."

बापानं फळी थांबवली. "आणि नाही लागली तर?"

"तर तुमच्याकडे टोपली आहेच की."

आईनं एकदा लेकीच्या पायांकडे बघितलं. मिठाच्या पाण्यात सतत उभं राहून पायाला भेगा पडतात, त्या भेगांत मीठ जातं, जखम चिघळते, आणि बरी झाली तरी जागा पांढरी पडते. मुंगीच्या डाव्या घोट्यावर असाच एक रुपयाएवढा पांढरा व्रण होता. आईच्या स्वतःच्या पायांवर तर मोजायची सोय नव्हती.

"बसवा," आई म्हणाली. नवऱ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

अर्जाला फोटो हवा होता. बाजाराच्या गावी फोटोवाल्याचं दुकान होतं. आत एक स्टूल, मागे निळा पडदा, आणि बाहेर काचेत लावलेले झाडून सगळे गोरे चेहरे. आपल्या तालुक्यात इतकी गोरी माणसं राहतात कुठे, असा प्रश्न कुणालाही पडावा. आईनं मुंगीला साबणानं दोनदा घासून, केसांना तेल चोपडून नेलं होतं. फोटोवाल्यानं बटण दाबलं आणि फोटो संगणकाच्या पडद्यावर आणला.

"मिठागरावरच्या का?" त्यानं विचारलं.

"हो."

"दिसतंच. एवढ्या काळ्या चेहऱ्यात काही उठून दिसत नाही हो. जरा साफ करू?"

त्यानं 'साफ' म्हटलं आणि आईला एकदम आपली लेक मळकी वाटायला लागली. तिच्या मनात निवासी शाळेचं मोठं फाटक उभं राहिलं. टेबलामागे कोणीतरी साहेब बसलाय, समोर फोटोंचा ढीग, एकेक फोटो बघून बाजूला ठेवतोय. तिला वाटलं, ह्या चेहऱ्याचा फोटो तो उचलेल तरी का?

"करा," ती म्हणाली. "चांगला दिसू दे."

फोटोवाल्यानं हात फिरवला. गाल उजळले, कपाळ उजळलं, नाकसुद्धा त्यानं जरा बारीक केलं, ते कुणी सांगितलेलं नसताना. मुंगी स्टुलावर बसल्या बसल्या सगळं बघत होती.

घरी आल्यावर आईनं पाकीट उघडून फोटो धाकटीच्या हातात दिला. कौतुक करून घ्यायचं होतं, दुसरं काय!

धाकटीनं उलटसुलट करून बघितलं. "ही कोण?"

"अगं, ताई आहे ना तुझी!"

"नाही," धाकटी ठामपणे म्हणाली. "ताई ती बसलीय." आणि तिनं कोपऱ्यात कंदिलाची काच पुसत बसलेल्या मुंगीकडे बोट केलं.

आजीला मात्र फोटो फारच आवडला. "बघ, अशी असती तर!" ती म्हणाली. बाप बाहेर जाऊन आभाळ बघत उभा राहिला.

उपडी टोपली पुढ्यात घेऊन मुंगी अर्ज भरायला बसली. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मुंगी रकाना वाचून दाखवायची आणि मग लिहायची.

"अंगाचा वर्ण," मुंगीनं वाचलं.

"गव्हाळ लिही."

"आई, गहू असा असतो का?"

"तू लिही गं. सगळे तसंच लिहितात."

मुंगीनं पेन टेकवलं, लिहिलं आणि पुढचा रकाना वाचला. "शरीरावरची ओळखीची खूण."

"गालावर तीळ म्हणून लिही. छान वाटतं."

"माझ्या गालावर तीळ नाहीये."

"कोण बघायला येतंय? पायाचं वगैरे लिहू नकोस हं. मिठातली पोर म्हणून आधीच नाकं मुरडतील."

मुंगीनं त्याही रकान्यात लिहिलं. मग भातानं फोटो चिकटवला, त्यावर अंगठा दाबून धरला, आणि खाली मान घालूनच विचारलं, "आई, तुला मी अशी पाहिजे होते का?"

"अशी म्हणजे?"

"ह्या फोटोतल्यासारखी."

आईनं "काहीतरीच तुझं" म्हटलं, "शाळेसाठी केलंय गं, तुझ्या भल्यासाठीच" म्हटलं, आणि चुलीतली नसलेली आग फुंकायला उठली. आपलं उत्तर खोटं पडलं हे तिला कळलं होतं. पण खरं उत्तर काय, ते तिचं तिलाच सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी अर्ज बघितला, "वा वा, मुंगीची नटी झाली की!" म्हणून हसले, आणि खाली सही ठोकून दिली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आभाळ शिशासारखं झालं होतं. वारा पडलेला, अंगाला चिकचिक. आठ वाफ्यांतलं मीठ अजून ओढायचं होतं, राशीवर ताडपत्री टाकायची होती, आणि मुकादम बांधावरून ओरडत फिरत होता की संध्याकाळच्या आत काय उचलायचं ते उचला, नंतर माझ्या नावानं बोंबलू नका.

"आजच्या दिवशी दोघी जाणार?" बापानं विचारलं. "दोन माणसांचे हात कमी. मी एकटा कुठे कुठे मरू?"

"दुपारपर्यंत येतो आम्ही."

"आणि आधीच कोसळला तर?"

"तर मीठ पुढच्या वर्षी पण पिकेल," आई म्हणाली. "ही परीक्षा पुढच्या वर्षी नाही. अकराच्या वर घेत नाहीत." तिच्या तोंडून एवढं स्पष्ट बोलणं निघालेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं फळी उचलली आणि वाफ्यात उतरला. जाता जाता मुंगीच्या डोक्यावर मिठाचाच हात ठेवून गेला.

परीक्षेच्या शाळेचं फाटक आईच्या मनातल्या फाटकापेक्षाही मोठं निघालं. बाहेर शंभरएक पोरं, त्यांचे आईबाप, मोटारसायकली. आत एका टेबलापाशी चष्मा लावलेल्या एक बाई बसल्या होत्या. प्रत्येकाचा अर्ज फायलीतून काढायच्या, फोटो बघायच्या, पोराचं तोंड बघायच्या, आणि आत सोडायच्या. शेजारी शिपाई उभा होता.

मुंगीची पाळी आली. बाईंनी फोटो बघितला. मुंगीकडे बघितलं. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत बघितलं.

"ही कोण?" बाई म्हणाल्या.

धाकटीचा शब्द न शब्द तोच.

"माझी लेक, बाई. तीच आहे."

"ही फोटोतली मुलगी नाही. गेल्या वर्षी एकीच्या जागी दुसरी बसली होती, माझी नोकरी जाता जाता राहिली. व्हा बाजूला."

"अहो तीच—"

"मिठागरावरची दिसते ही," शिपाई म्हणाला. "ती माणसं रंगानंच ओळखू येतात. कुणातरी बड्याच्या पोरीच्या जागी बसायला आणली असेल."

मागच्या रांगेत खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "निदान रंग तरी जुळवून आणायचा!" आतमध्ये पहिली घंटा झाली. दुसऱ्या घंटेला दार बंद होणार होतं.

आईनं तोंड उघडावं तर सगळ्यांसमोर काय सांगणार? आपल्याच लेकीचा चेहरा आपल्याला चालला नाही म्हणून दुसरा चिकटवला, हे? तिनं मुंगीकडे बघितलं. पोर रडत नव्हती. ओठ घट्ट मिटून, अंगाला चिकटलेले हात मुठी करून उभी होती, आणि आईकडे बघत होती. आजीच्या विनोदाच्या वेळी बघायची तशीच. आई आता हसते की काय, हे बघत होती.

त्या बघण्यानं आईचा सगळा संकोच जळून गेला.

"तीच आहे!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की रांग गप्प झाली. "मीच करून घेतला तो फोटो. फोटोवाला म्हणाला साफ करू, मी म्हटलं कर. चूक माझी आहे, पोरीची नाही. माझी लेक काळी आहे, बाई. मी काळी आहे, तिचा बाप काळा आहे, आमचं अख्खं मिठागर काळं आहे, आणि तुमच्या घरातलं मीठ आम्हीच उपसतो. तो फोटो फाडून टाका वाटलं तर. हा चेहरा तिचा आहे, हा बघा!" आणि तिनं मुंगीची हनुवटी धरून चेहरा वर केला.

बाई पुन्हा फोटोकडे बघत म्हणाल्या, "अहो, तुमचं खरंही असेल. पण तुम्ही म्हणता म्हणून मी कशी सोडू? काहीतरी पुरावा हवा ना."

"बाई," मुंगी पहिल्यांदाच बोलली. "अर्ज वाचा ना. खालचे रकाने."

बाईंनी अर्ज उलटला. आईला ते रकाने आठवले. गव्हाळ आणि तीळ. आता संपलंच सगळं. ज्या पोरीच्या गालावर तीळ नाही तिचा तीळ बाई शोधत बसणार, आणि खोटेपणावर शिक्का बसणार. हे सगळं तिनंच, आईनंच, आपल्या तोंडानं सांगून लिहून घेतलं होतं.

बाईंनी मोठ्यानं वाचलं. "अंगाचा वर्ण, काळा." त्यांनी चष्म्यावरून मुंगीकडे बघितलं आणि पुढे वाचलं. "ओळखीची खूण. डाव्या घोट्यावर मिठाच्या जखमेचा पांढरा गोल व्रण."

आईला वाटलं आपण चुकीचं ऐकतोय.

मुंगीनं चप्पल काढली आणि डावा पाय सरळ पुढे केला. काळ्या घोट्यावर तो व्रण असा उठून दिसत होता की शिपायानंसुद्धा वाकून बघितलं.

"अक्षर कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"माझं."

"लिही बरं परत." बाईंनी कागद पुढे सरकवला. मुंगीनं उभ्या उभ्या तीच ओळ लिहिली. बाईंनी दोन्ही अक्षरं शेजारी शेजारी धरली, आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं.

"फोटो खोटा आणि अर्ज खरा, असं पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या. "पळ. घंटा होईल. आणि हो, लागलीस तर खरा फोटो घेऊन यायचं."

मुंगी पळाली. एका पायात चप्पल, दुसरी हातात. आई त्या रिकाम्या झालेल्या फाटकाशी बसली आणि डोक्याचं फडकं तोंडाला लावून पोटभर रडली. शिपायानं तिला पाण्याचा पेला आणून दिला. मग म्हणाला, "माझी बहीण पण काळीच आहे हो." आई पाणी प्यायली.

परत येईस्तोवर ढग डोक्यावर आले होते. दोघी घरी न जाता तशाच वाफ्यात उतरल्या. बापानं एकट्यानं चार वाफे ओढले होते, त्याच्या पाठीतून वाफ निघत होती. त्यानं नुसती भुवई उडवली, आईनं मान हलवली, आणि तिघं कामाला लागले. मीठ ओढायचं, भरायचं, धावायचं, ओतायचं. टोपलीतून गळणाऱ्या खाऱ्या पाण्यानं डोळे चुरचुरत होते.

राशीवर टोपली रिकामी करता करता आईनं विचारलं, "तुला मी गव्हाळ सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"खोटं लिहिलं तर मार्क कापतात, असं मास्तर म्हणतात," मुंगी म्हणाली. मग जरा थांबून, "आणि मला वाटलं, त्या फोटोतल्या मुलीलाच घेतलं त्यांनी, तर मी कुठे जाऊ?"

आई टोपली हातात धरून उभी राहिली. मुकादम ओरडत होता, तरी ती उभी राहिली.

"ऐक," ती म्हणाली. "लग्नात मला इतकी पावडर फासली होती की मान काळी आणि तोंड पांढरं. फोटो काढला. तो भिंतीवर आहे, तुझी आजी अजून येईल त्याला दाखवते. मी बघत नाही. त्यात मी नाहीच. मला वाटायचं, मला जे ऐकावं लागलं ते तुला नको. म्हणून मी आधीच तुला पुसायला निघाले. तू मला विचारलंस ना, अशी पाहिजे होतीस का? नव्हतीस. मला हीच पाहिजे होती. ह्याच रंगाची. मला नीट सांगता आलं नाही त्या दिवशी."

मुंगीनं नाक वर ओढलं. "मग आजीच्या विनोदाला हसतेस कशाला?"

"आता नाही हसणार."

"नक्की?"

"टोपली उचल," आई म्हणाली. "नक्की."

शेवटचा वाफा ओढून झाला, चौघांनी चार टोकांना धरून ताडपत्री ओढली, हो, आजीनंसुद्धा चौथं टोक धरलं, आणि दगड ठेवता ठेवता पावसाचे टपोरे थेंब पत्र्यावर वाजायला लागले. शेजारच्या बांधावर कुणाचं निम्मं मीठ गेलं. ह्यांची रास कोरडी राहिली. दाराशी निथळत उभं राहून आजी म्हणाली, "आज बाकी थोरलीनं काम केलं हो. काळी असली तरी—"

"तरी काय, आत्याबाई?" आई म्हणाली. हसली नाही. "काळी आहे आणि काम केलं. तरी कुठून आला मध्ये?"

बाप तोंड फिरवून हसायला लागला. धाकटीला काही कळलं नाही, पण तिनं टाळ्या वाजवल्या.

पुढच्या महिन्यात मास्तर पुन्हा बूट घालून मिठातून आले, ह्या वेळी धावत. चाळीस जणांच्या यादीत मुंगी तिसरी होती. बापानं मास्तरांना बुटांसकट उचललं. ते बूट पुढे कधी नीट झाले नाहीत, असं मास्तर अजून अभिमानानं सांगतात.

प्रवेशासाठी नवा फोटो हवा होता. आई दोन्ही लेकींना घेऊन फोटोवाल्याकडे गेली. अंगावर रोजचे कपडे, पायाला मिठागराचा चिखल. फोटोवाल्यानं बटण दाबलं, फोटो पडद्यावर आणला, आणि सवयीनं हात पुढे केला.

"जरा साफ—"

"ती साफच आहे," आई म्हणाली. "तुमच्या मशीनला हात लावायचा नाही. नाक तर अजिबात नाही. आणि आता अजून एक काढा, आम्हा तिघींचा. मोठा."

त्यानं काढला. आई आयुष्यात पहिल्यांदा फोटोसाठी तोंड न धुता बसली होती, आणि मुंगी खदाखदा हसत होती, कारण धाकटीनं नेमकं त्याच वेळी तिच्या मांडीला चिमटा काढला होता.

तो फोटो पत्र्याच्या भिंतीला खिळ्यावर लागला, त्या पावडरवाल्या फोटोच्या जागी. आजीनं धाकटीला कडेवर घेतलं आणि जवळ नेऊन विचारलं, "सांग, ह्यात कोण कोण आहे?"

धाकटीला विचारच करावा लागला नाही. तिनं एकेका चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"ही आई. ही ताई. ही मी."